गाव कोणाच्या नावावर आहे?

देवरुखच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने पत्र लिहून मला चार गोष्टी विचारल्या आहेत: मी रोज कसा लिहितो, सध्या काय लिहितो आहे, कोकणावरच्या मराठी पुस्तकांपैकी कोणती वाचावीत, आणि तिने लिहायला घेतलेल्या आजीच्या कथेत ‘कोकण पुरेसे दिसत नाही’ असे मैत्रिणींचे म्हणणे पडले, त्याचे काय करावे. मुंबईत राहणारा नातू आजीला न्यायला येतो आणि आजी यायला नकार देते, एवढी ती कथा आहे. शेवटच्या प्रश्नावरचे माझे मत आधी सांगतो, कारण बाकीची उत्तरे त्याच्याच आधाराने देता येतील.

माड, लाल माती, कौलारू घर आणि पागोळ्या यांचे वर्णन वाढवून कथेत कोकण येत नाही. वाचकाला ठिकाण ओळखता येते, इतकेच. त्या ठिकाणचा माणूस ज्या निर्णयापाशी अडून बसला आहे, तो निर्णय जमिनीच्या, पाण्याच्या किंवा कर्जाच्या कोणत्या व्यवस्थेमुळे त्याच्या वाट्याला आला, हे लेखकाला ठाऊक असेल तर झाडामाडांची एक ओळ नसली तरी ती कथा दुसरीकडे कुठे नेऊन ठेवता येत नाही. मी माझ्या प्रत्येक पुस्तकात हेच साधण्याचा प्रयत्न करत आलो आहे, आणि दुसऱ्यांची पुस्तके वाचतानाही मी प्रथम हेच पाहतो.

माझ्या लेखनाच्या सवयींबद्दल फार सांगण्यासारखे नाही. मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, त्यामुळे लिहायला पहाटच मिळत असे, आणि निवृत्तीनंतरही तीच वेळ मला मानवते. पहिला खर्डा हाताने, पावसाळ्यात. दिवाळीनंतर वाटा कोरड्या झाल्या की ज्या जागांविषयी लिहिले त्या पायी पाहणे. आणि थंडीत पुनर्लेखन. मे महिन्यात आंब्याची कामे असतात, घरी चाकरमानी आलेले असतात, तेव्हा लेखन होत नाही आणि ते व्हावे असा हट्टही मी धरत नाही.

एक सवय मात्र सविस्तर सांगतो, कारण नव्या लेखकाला तिचा उपयोग होईल. कादंबरीचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी मी त्या कल्पित गावाचा नकाशा काढतो, त्यात वाड्या, पऱ्ह्या, देवळाची जागा, पाणंद आणि शेतांच्या हद्दी घालतो, आणि मुख्य कुटुंबाचा एक कल्पित सातबारा तयार करतो. जमीन मूळ कोणाच्या नावावर होती, वारसाच्या फेरफारात कोणाची नावे लागली, कोणाचे नाव राहून गेले किंवा राहू दिले गेले, कोणत्या भावाने मुंबईत असताना सही पाठवली, हे सारे त्या कागदावर असते. यातले बहुतेक काही कादंबरीत येत नाही. पण घरातली दोन माणसे ओटीवर बसून नुसती पावसाबद्दल बोलत असली तरी त्यांच्यात काय बोलायचे टाळले जात आहे, हे मला त्या कागदामुळे कळते. मोजणीच्या कामात मी हे शिकलो. मोजणीची नोटीस लगतच्या सर्व खातेदारांना जाते, ते ठरल्या दिवशी येतात, आणि प्लेन टेबल मांडून हद्दी कायम होत असताना कोण कोणाच्या बाजूला जाऊन उभे राहते, कोण सावलीत एकटे बसते, कोणाच्या घरून पाणी येते आणि ते कोण पीत नाही, यावरून त्या वाडीचा तीन पिढ्यांचा इतिहास समजतो. ज्या घरांच्या जमिनी मी मोजल्या त्यांचे तंटे मात्र मी कधीही कथेत घेतले नाहीत आणि घेणारही नाही. लोकांनी मला हद्दीवर बोलावले होते, घरात नव्हे.

सध्या लिहीत असलेली कादंबरी जयगड खाडीच्या एका फाट्यावर कल्पिलेल्या गावाची आहे, आणि तिच्या मध्यभागी खारभूमीचा बांध आहे. हा विषय मराठीत जितका यायला हवा तितका आलेला नाही असे मला मनापासून वाटते, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या सखल जमिनीत, भरतीचे पाणी शिरू नये म्हणून पूर्वजांनी माती-दगडांचे बांध घातले आणि आतल्या जमिनीत भात पिकवले. बांधात ठिकठिकाणी उघाडी असते. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तिची झडप आपोआप मिटते, आणि ओहोटीला बाहेरचे पाणी उतरले की आत साचलेले पावसाचे पाणी ती झडप उघडून खाडीत जाते. उन्हाळ्यात जमिनीतले मीठ वर येऊन पांढरा थर धरते, पहिल्या पावसांनी ते धुऊन निघते, आणि त्यानंतरच क्षार सोसणाऱ्या लाल राता भाताची पेरणी होते. म्हणजे या शेतीत पाऊस आणि समुद्र हे दोघेही दरवर्षी आपापला वाटा मागत असतात. पावसाळ्यातल्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला उधाण आले, त्याच वेळी वरून मुसळधार पाऊस लागला आणि झडप मिटलेली असल्यामुळे आतले पाणी तुंबले, की बांधावर दोन्हीकडून जोर येतो आणि त्याला खांड पडते.

खांड त्याच दिवसांत बुजवली नाही तर प्रत्येक भरतीबरोबर ती रुंद होत जाते, म्हणून पूर्वी बांधावरचे सारे खातेदार घरटी माणूस देत असत. माणसे मुंबईला गेली आणि घरटी माणूस उरला नाही, तेव्हा ही व्यवस्था मोडली. १९७९ मध्ये राज्याने खारजमिनींच्या विकासासाठी स्वतंत्र कायदा केला, काही बांध सरकारी योजनेत आले, काही आले नाहीत. माझ्या कादंबरीतला बांध योजनेत आलेला नाही. तो फुटतो, शेतात खारे पाणी शिरते, आणि काही वर्षांत तिथे तिवर आणि कांदळ ही खारफुटीची झाडे उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर कांदळवन तोडण्यास आणि त्यावर भराव घालण्यास मनाई केली. तो आदेश योग्यच होता, किनाऱ्याचे आणि मासळीचे रक्षण त्याशिवाय झाले नसते, असे माझे ठाम मत आहे. पण ज्या कुटुंबाने ती जमीन खोताकडून, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराकडून, सोडवून घेण्यात एक आयुष्य घालवले, त्याच्या सातबाऱ्यावर आजही भातशेती आहे आणि जागेवर कांदळवन उभे आहे. ती जमीन पुन्हा लागवडीला आणू पाहणारा नातू कायद्याने गुन्हेगार ठरू शकतो. यात कोणी दुष्ट नाही. दोन्ही बाजूंना न्याय आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट मला कादंबरीची वाटली. लेखाचा विषय असता तर मी एक बाजू घेऊन मोकळा झालो असतो.

नातवाची गोष्ट समजण्यासाठी आजोबांच्या काळात जावे लागते. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोत सरकार आणि कूळ यांच्या मध्ये उभा होता. १८८० च्या खोती कायद्याने त्याचे हक्क कागदावर बांधले गेले, आणि अर्धेलीच्या कुळाला पिकाचा निम्मा भाग त्याच्या अंगणात नेऊन घालावा लागे, वेठ वेगळी. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमिनी कसण्यास नकार दिला आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये, आणि १ एप्रिल १९५७ रोजी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. हा इतिहास कादंबरीत सांगायचा कसा, हा माझ्यापुढचा सर्वांत कठीण प्रश्न होता. माझा निर्णय असा की, पात्रांना जे आणि जेव्हा कळले तेच आणि तेव्हाच वाचकाला कळावे. चरीच्या संपाची बातमी माझ्या गावात येते ती गिरणीत काम करणाऱ्या धाकट्या भावाबरोबर, शिमग्याला, आणि तीही अर्धी चुकीची होऊन; पण त्या अर्ध्या चुकीच्या बातमीने गावातले पहिले कूळ खोताच्या अंगणात भात घालायला उशीर करते. कायद्याचे कलम लिहून जे साधले नसते ते त्या उशिराने साधते.

१९५७ चा भाग माझ्या मते या पुस्तकाचा गाभा आहे. जमीन कसली धाकट्या काकीने, कारण नवरा वारला होता आणि थोरला दीर मुंबईत होता. पण कूळ म्हणून नोंद झाली ती दिराची, ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ या नात्याने. अशा नोंदी मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या आहेत, आणि त्या नावामागे शेतात उभी असलेली बाई कोण होती हे कागद कधीच सांगत नाही. खोताला खंड, म्हणजे जमिनीचे भाडे, दिल्याच्या पावत्या, अर्थात जमीन तिनेच कसल्याचा पुरावा, मात्र काकीकडे आहेत. त्या दिरापासून लपवून पलीकडच्या गावात माहेरच्या माणसाकडे पोचवायच्या, आणि होडीने जायचे तर तरीवाला दिराचा सोबती.

इथे माझ्या मते ठिकाण कथेत काम करते, ते असे. काकी रात्री खाडी पायी ओलांडेल, अशी कल्पना कोणालाही प्रथम सुचेल. पण आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती येते ती साधारण दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास, आणि पुढे रोज ती सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्यात मध्यरात्री खाडी पायी ओलांडणे अशक्य. त्या वेळी ती तुडुंब भरलेली असते. मध्यरात्री ओहोटी हवी तर अष्टमीच्या आसपास जावे लागते, पण अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत मंद भरती-ओहोटी, असते, पाणी फारसे उतरत नाही, आणि पावत्या डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून अंधारात जाणे कोणतीही खाडीकाठची बाई शहाणपणाचे मानणार नाही. खाडी खऱ्या अर्थाने उताराची होते ती पौर्णिमेच्या संध्याकाळी, दिवसाउजेडी, आणि तेव्हा साऱ्या वाडीच्या बायका चिखलात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला उतरलेल्या असतात. म्हणून काकी त्यांच्यातच उतरते, सर्वांसमक्ष, वेचत वेचत पलीकडच्या काठाकडे सरकते, आणि पावत्या टोपलीच्या तळाशी असतात. बरोबरच्या बायकांपैकी निदान दोघींच्या लक्षात येते की ती परत फिरलेली नाही, आणि त्या घरी जाऊन काही बोलत नाहीत. रात्रीच्या साहसापेक्षा हे प्रकरण मला कितीतरी मोलाचे वाटते, कारण त्यात काकीबरोबर वाडीतल्या बायकांचे मौनही आले, आणि ते मी शोधले नव्हते. ते तिथीच्या हिशेबातून हाती लागले. कथानक अडले की मी आजही आधी पंचांग, भरतीचे वेळापत्रक आणि शेतीचा हंगाम पाहतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशी घरी असतात आणि उधारी वाढते. कोणाचे भांडण कोणत्या महिन्यात पेटेल हे एवढ्यावरूनही ठरू शकते.

कादंबरीचा शेवटचा भाग, म्हणजे नातवाचा, अजून लिहून व्हायचा आहे. नावही ठरलेले नाही. भाषेपुरते सांगायचे तर निवेदन प्रमाण मराठीत आहे, संवाद संगमेश्वरी बोलीत आहेत, आणि पलीकडच्या मोहल्ल्यातली माणसे त्यांच्या बोलीत बोलतात. शेवटी शब्दार्थांची यादी जोडायची नाही असे मी प्रकाशकांना कळवले आहे.

आता वाचनाबद्दल. कोकणावरच्या कादंबरीचा विचार श्री. ना. पेंडसे यांना वगळून करता येत नाही. दापोली तालुक्यातल्या मुर्डीत १९१३ साली जन्मलेल्या या लेखकाने ‘गारंबीचा बापू’ १९५२ मध्ये, ‘रथचक्र’ त्यानंतर दहा वर्षांनी, आणि जगबुडीच्या काठच्या खोत घराण्याची दोन खंडांची ‘तुंबाडचे खोत’ १९८७ मध्ये दिली. मला ‘रथचक्र’ सर्वांत थोर वाटते, कारण मुलांना शिकवू पाहणाऱ्या त्या बाईची प्रत्येक हालचाल एकत्र कुटुंबाच्या व्यवहाराने जखडलेली आहे आणि पेंडसे त्यातून तिला कुठेही सहज सोडवत नाहीत. ‘तुंबाडचे खोत’चा आवाका मी मान्य करतो आणि ती पुन्हा पुन्हा वाचतोही, परंतु त्यातली कुळे मला बहुतेक वेळा वाड्याच्या पडवीतून पाहिलेली दिसतात. ती कादंबरी खोतांची आहे, आणि नावाने तसे सांगतेही, म्हणून हा दोष मानत नाही. कुळांच्या बाजूची तेवढी मोठी कादंबरी मात्र लिहिली जायला हवी, ही रुखरुख तिने माझ्यात निर्माण केली.

म्हणून मी तरुण वाचकांना तिच्या शेजारी दोन पुस्तके ठेवायला सांगतो. एक हमीद दलवाई यांची ‘इंधन’, १९६५ ची. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या या लेखकाला बहुतेक लोक समाजसुधारक म्हणूनच ओळखतात आणि कादंबरीकाराला विसरतात, हा मराठी वाचकांनी केलेला मोठा अन्याय आहे. मुंबईहून गावी परतलेल्या निवेदकाच्या डोळ्यांसमोर गावातल्या समाजांमधले ताण कसे पेटत जातात, हे त्यांनी इतक्या थोड्या पानांत आणि इतक्या कोरड्या भाषेत लिहिले आहे की, आजही ते वाचताना मला उठून बसावे लागते. दुसरे ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’, २००३ चे. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे, पण रत्नागिरीच्या बाजाराला डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटेने जाणाऱ्या बायका आणि बांबूची आयदाने विणणारी आई यांतून जे कोकण उभे राहते ते पडवीतून कधीच दिसत नाही. त्यांच्या कथाही वाचाव्यात.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ तुम्ही लहानपणी वाचली असेल. आता पुन्हा वाचा आणि या वेळी फक्त कर्जाकडे लक्ष ठेवा. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेले हे पुस्तक आपण आईच्या अश्रूंसाठी लक्षात ठेवले आहे, पण पालगडच्या एका खोत घराण्याची सावकाराच्या देण्याने झालेली पडझड त्याच्या प्रत्येक रात्रीखाली वाहते आहे. घर जाते, मान जातो, माणसे दारावर येऊन बसतात. ती पडझड नसती तर आईच्या शिकवणुकीला ती धार आली नसती.

दक्षिणेकडच्या लेखकांबद्दल दोन निरीक्षणे नोंदवतो. जयवंत दळवी आरवलीचे आणि मधु मंगेश कर्णिक करूळचे. दोघांनीही कोकणातले गाव जिवंत केले, आणि दोघांनीही मुंबईच्या झोपडपट्टीवर कादंबरी लिहिली, दळवींनी १९६३ मध्ये ‘चक्र’ आणि कर्णिकांनी १९६९ मध्ये ‘माहीमची खाडी’. हा योगायोग नाही. कोकणातल्या गावाचा अर्धा भाग नेहमीच मुंबईत राहत आला आहे, आणि त्या अर्ध्या भागाविषयी लिहिणे हे कोकणाविषयी लिहिणेच आहे. दुसरे निरीक्षण चिं. त्र्यं. खानोलकर यांच्याबद्दल. ‘कोंडुरा’ किंवा ‘चानी’ यांतली भीती आणि गूढता यांचे अनुकरण करणारे हस्तलिखित माझ्याकडे वाचायला येते, तेव्हा त्यात धुके असते, देवचार असतो, पिंपळ असतो. पण खानोलकरांच्या पात्रांना आतून पोखरणारी वासना, अपराधीपण आणि उपेक्षा यांपैकी काही नसते. त्यांचे वातावरण उसने घेता येते, त्यांच्या माणसांचे दुःख घेता येत नाही. आजच्या लेखकांपैकी प्रवीण बांदेकर मी आवर्जून वाचतो. साहित्य अकादमीचा २०२२ चा पुरस्कार मिळालेली त्यांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेतून आजच्या सत्तेविषयी बोलते. लोककलेचा वापर शोभेसाठी न करता विचारासाठी कसा करावा, हे तिच्यातून शिकण्यासारखे आहे.

तुमच्या आजीच्या कथेकडे वळतो. नातू न्यायला येतो, आजी नकार देते, आणि तुम्ही त्याचे कारण ‘मातीची ओढ’ असे दिले आहे. मैत्रिणींना जे कमी वाटले ते इथे आहे. ओढ खरी असेल, पण आणखी काही असल्याशिवाय म्हातारे माणूस इतके निकराने नाही म्हणत नाही. घर कोणाच्या नावावर आहे? सामायिक असेल तर किती जणांचे, आणि आजी राहते ती खोली वाटणीत कोणाकडे जाते? ती निघून गेली तर पावसाआधी कौले कोण परतणार, आणि एक पावसाळा कोणी परतली नाहीत तर मातीच्या भिंतीचे काय होणार? घरचा गणपती त्याच ओटीवर बसतो का, आणि चुलत घरांपैकी कोणाला तो आपल्याकडे न्यायचा आहे का? नातवाच्या मनात आजीची काळजी आहे तितकीच जागेची किंमतही आहे का, आणि आजीला ते कळले आहे का? सगळी उत्तरे कथेत घालू नका. एखादेच पुरेल, पण ते तुम्हाला पक्के ठाऊक असू द्या. त्यासाठी एक साधे काम करता येईल. तुमच्या स्वतःच्या आजोळच्या घराचा असेसमेंट उतारा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा कागद, ग्रामपंचायतीतून काढून घ्या, त्यावरची नावे आजीसमोर एकेक करून वाचा, आणि प्रत्येक नावाला ती काय म्हणते ते त्याच रात्री लिहून ठेवा. त्यानंतर कथेचा दुसरा खर्डा करा आणि मला पाठवा. गणपतीआधी पोचला तर मी सवडीने वाचून कळवीन.